ठेंगीची वैरण

बेळगावहून निपाणीला जाणं हा काय प्रवास झाला काय, असं म्हणणारी माणसं मला माहीत आहेत. त्यातलं एक तर माझ्याच घरात आहे. कोल्हापूरची बस धरायची, एक डुलकी काढायची आणि निपाणीचा स्टँड आला की उतरायचं, एवढंच त्यांना ठाऊक. पण हाच रस्ता एसी बंद ठेवून, काचा वर करून, पायाखालचं पेडल फुलासारखं दाबत आणि शेजारच्या सीटवर विरोधी पार्टीला बसवून कधी गेलायसा? न्हाई ना? मी गेले. म्हणून लिहिते.

वडगाव, निघण्याआधी

विरोधी पार्टी म्हणजे आमचे मालक, माझा नवरा. बेळगावातल्या वडगावात आमचे यंत्रमाग आहेत. चार होते, आता दोन चालतात आणि दोन गप आहेत. चारी चालत होते तेव्हा घरात एक जुनी छोटी गाडी आली. बुटकी, गोल नाकाची. मी तिचं नाव ठेंगी ठेवलं. लेकीचं लग्न झालं, घर रिकामं झालं, तशी मी ड्रायव्हिंग स्कूलला नाव घातलं. पन्नाशीनंतर. मालकांनी तेव्हा गल्लीतल्या सगळ्यांना सांगितलं होतं, की बाबांनो, सकाळच्या पारी पोरं घरात ठेवा.

पोरं शाबूत राहिली आणि मी शिकले. शिकले ती आक्कासाठी. आक्का माझी थोरली बहीण. निपाणीच्या पलीकडं एका खेड्यात एकटी असते. नवरा गेला, मूलबाळ नाही. गुडघे इतके गेलेत की बसची पायरी चढता येत नाही. एक शनिवार सोडून एक शनिवार मी ठेंगी घेऊन जाते, आक्काला पुढच्या सीटवर बसवते आणि हिंडवते. बाजार, दवाखाना, देऊळ, काय म्हणेल तिथं. दोन आठवड्यांत आक्का घराबाहेर पडते ती तेवढीच.

आणि मालक म्हणाले, "गाडी विकायची."

"का?"

"पेट्रोल पिती. म्हशीवाणी. दोन मागावर गाडी पोसायची व्हय?"

ते खोटं बोलत नव्हते, हेच तर दुखणं. हात आखडूनच चाललो होतो आम्ही. पण मी म्हटलं, गाडी पीत न्हाई, तुमी चालवताय म्हणून पिती. तुमी म्हंजे गिअर बदलताना झाडाची फांदी मोडताय. मी चालवून दाखवते. वडगाव ते आक्का आणि आक्का ते वडगाव. लिटरला अठराच्या वर गेली तर ठेंगी राहील. खाली आली तर न्या बाजारात, मी तोंड उघडणार न्हाई.

"तू? तोंड उघडणार न्हाईस?" मालकांना या अटीचीच भुरळ पडली. लगेच कबूल झाले.

ठेंगीचा पेट्रोलचा काटा दोन वर्षांपासून अर्ध्यावर अडकून बसलाय. टाकी भरा, रिकामी करा, तो आपला मधेच, निवडणुकीतल्या अपक्षासारखा. म्हणून ठरलं असं, की जाताना पंपावर गळ्यापर्यंत टाकी भरायची, आल्यावर त्याच पंपावर परत गळ्यापर्यंत भरायची. जेवढं बसेल तेवढं प्यायली. पेट्रोल भरताना दोघंही हजर पाहिजेत.

मग मी तयारीला लागले. आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनी सांगितलेलं सगळं आठवलं. चाकात हवा नेमकी पाहिजे. वजन कमी पाहिजे. टपावरचा कॅरियर वारा अडवतो, तो काढला. डिकीत मालकांनी साठवलेलं दुकान होतं: सुताच्या कांड्यांचं पोतं, दोन छत्र्या, पाण्याचे कॅन, एक फुटकी खुर्ची. सगळं उतरवलं. आणि मालक अंघोळीला गेल्यावर चटई उचलून स्टेपनी आणि जॅकसुद्धा काढून मागाच्या खोलीत ठेवला. एवढ्याशा रस्त्याला स्टेपनी कशाला लागतीय, असा माझा विचार. चटई परत गुळगुळीत अंथरली आणि साळसूदपणे चहा टाकला.

हत्तरगीच्या अलीकडं

काकती मागं टाकली, वंटमुरीचा उतार लागला. इथं बहुतेक लोक गाडी न्यूट्रल करून सोडतात आणि पेट्रोल वाचलं म्हणून खूष होतात. ते चूक. गिअरमध्येच ठेवून पाय काढला तर नव्या धाटणीच्या इंजिनात पेट्रोल जातच नाही म्हणे, आणि गाडीही ताब्यात राहते. मी पाय उचलला. ठेंगी आपसूक उतरायला लागली. दोन्हीकडं हिरवी झाडी, खाली ऊसच ऊस.

"काच जरा खाली घेतो," मालक म्हणाले. त्यांच्या कपाळावरून घाम गळत होता.

"न्हाई. एवढ्या वेगात काच उघडली की वारा आत शिरतो आणि गाडी मागं ओढतो."

"मी मेलो तर?"

"वजन कमी हुईल."

त्यांनी तोंड फिरवलं. पुढं उसाचा ट्रॅक्टर लागला, दोन ट्रॉल्या भरून, मोठ्यानं गाणी लावून. मी त्याला मागं टाकलं नाही. जोर लावून पुढं काढण्यापेक्षा बेतानं मागं राहणं स्वस्त. पाच-सहा गाण्यांनंतर मालक म्हणाले, "आता ह्याचं लग्न लागल्यावरच घरला जायाचं काय?" तेवढ्यात मागनं फटफट आवाज आला आणि ठेंगी डावीकडं कलली.

पंक्चर. नशीब एवढंच, की समोरच चहाची टपरी आणि तिला लागून पंक्चरचं दुकान होतं. आतून एक उंच, पोट सुटलेला माणूस हात पुसत आला. "स्टेपनी तगी री," म्हणाला. स्टेपनी काढा.

माझा हात स्टिअरिंगवर तसाच राहिला. गंमत अशी, की मालकही हलले नाहीत. एरवी असल्या कामात ते सगळ्यांच्या आधी बाह्या सरसावून उभे राहतात. आज ते चष्मा पुसत बसले.

शेवटी पंक्चरवाल्यानंच डिकी उघडली, चटई उचलली, आणि थांबला.

"इदेन री?" हे काय, म्हणून विचारलं त्यानं.

मी उतरून बघितलं. स्टेपनीच्या खड्ड्यात स्टेपनी नव्हती, ते मला माहीत होतं. पण तिच्या जागी काळी, गोल लोखंडी वजनं नीट एकावर एक रचून ठेवलेली होती. बंद पडलेल्या मागाची. सुताचा रूळ ताणून धरायला त्याला जी लटकवतात ती. माझ्या माहेरी आणि सासरी दोन्हीकडं माग, मी ती डोळे झाकून ओळखली असती.

"अहो!" मी ओरडले. "ही इथं कशी आली?"

"आधी स्टेपनी कुठं गेली ते सांग," मालक म्हणाले.

दोघंही रस्त्याच्या कडेला उभं राहून एकमेकांकडं बघत बसलो. मी वजन काढलं होतं, त्यांनी वजन भरलं होतं. खड्डा रिकामा दिसल्यावर ते काय बोलणार होते? बोलले असते तर स्वतःच सापडले असते. पंक्चरवाल्याला मालकांनी कन्नडात काहीतरी थातुरमातुर सांगितलं. पण तोही जवळच्याच विणकरांच्या घरातला निघाला. त्यानं वजनांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि टपरीवाल्याला हाक मारून दोघं मिळून पोट धरून हसले. मग आम्हीही हसलो, करतो काय!

पंक्चर निघालं. वजनं मी तिथंच उतरवायला लावली. "परत येताना न्या," तो म्हणाला आणि दाराला टेकू म्हणून लावलीही.

संकेश्वर

संकेश्वरला थांबलो तो मिरचीसाठी. इथली मिरची लांब, सुरकुतलेली, रंगाला बरी आणि जिभेला जहाल. आमच्या बेळगावात खर्ड्यात शेंगदाणे घालून तो जरा माणसात आणतात, इकडं तसली दयामाया नाही. मी थोडीच घेतली. मालक मुद्दाम आणखी घ्यायला लागले, मग गूळ घ्यायला लागले, मग एक भोपळा बघायला लागले. त्यांच्या आयुष्यात त्यांनी कधी भोपळा विकत घेतलेला नाही.

"भोपळा परत ठेवा," मी म्हटलं.

"आक्काला आवडतोय."

"आक्काच्या परड्यात भोपळ्याचा वेल हाय."

भोपळा परत गेला.

आक्काचं गाव

तवंदीचा घाट उतरलो की हवाच बदलते. खाली निपाणी, आणि पलीकडं तंबाखूची शेतं, रुंद पानांची, जमिनीलगत पसरलेली. या दिवसांत गावात शिरलं की नाकाला गोड-उग्र वास येतो. आक्कानं जन्मभर बिड्या वळल्या, तिच्या बोटांना अजून तो वास आहे.

आक्का दारातच बसली होती. आमच्या वडगावात पाहुणा आला की आधी चहाचं आधण ठेवतात. इकडं आधी पाय धुवायला पाणी, मग गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी, मग "कसं काय हाय", आणि चहा त्यानंतर. आणि आक्काची आणखी एक रीत. पूर्वी पाहुणे बैलगाडीनं यायचे, तेव्हा ती पाहुण्याच्या ताटाआधी त्याच्या बैलांना वैरण टाकायची. बैल गेले, बैलगाड्या गेल्या, पण ठेंगी आली की आक्का अजून काठी टेकत जाते आणि तिच्या बॉनेटवरून हात फिरवते.

"दमली गं बाय माझी," म्हणाली. मला नव्हे, ठेंगीला.

जेवायला ज्वारीच्या भाकरी, खर्डा, वांग्याची भाजी आणि दही. मालक जेवताना विरघळतात, ते मला माहीत होतं, पण तोंडही सुटतं हे विसरले. दुसऱ्या भाकरीला पैज बाहेर आली, तिसरीला गाडी विकायची गोष्ट.

आक्काचा घास हातातच राहिला.

"विकणार व्हय, पाव्हणं?"

मालक गडबडले. "अजून ठरलं न्हाई, आक्का. अॅव्हरेज दिली तर न्हाई विकत."

"ती काय असती?"

"किती खाऊन किती चालती ते."

"असं." आक्कानं हातातला घास ताटात ठेवला. मग माझ्याकडं वळली. "गाडी गेली तर तू बसनं येशील गं, सुमे. पर मी कुठं जाऊ? ह्या उंबऱ्यापासनं त्या चुलीपतोर. तिकडनं हिकडं. मला लई भ्या वाटतंय बघ त्याचं."

ती रडली नाही. दही वाढायला उठली. मालक ताटातल्या मिठाकडं बघत राहिले.

तवंदी घाट

दुपारी ऊन कलल्यावर आक्का म्हणाली, "मला घाटावर न्हे. वरनं गाव बघायचंय."

मालक मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे बघ, पंक्चरचं, वजनाचं सगळं सोडून देतो. सरळ खेळू. पर उद्या जाताना घाट चढायचाच हाय. आज उगीच आणिक चढवलीस तर अॅव्हरेज गेली म्हणून समज."

खरं सांगते, मी क्षणभर थांबले. आज आक्काला फिरवलं तर पुढचे शनिवार जाणार. आणि पुढच्या शनिवारांसाठी आज तिला घरात बसवायची? कुठल्या शहाण्यानं सांगितलंय असलं? "जाऊ दे गेलं तर," मी म्हटलं आणि आक्काच्या बाजूचं दार उघडलं.

आक्का पुढं बसली, मालक मागं. बसल्या बसल्या तिनं काच पूर्ण खाली केली. मी तशीच राहू दिली. घाटात ठेंगी दुसऱ्या गिअरवर कण्हत चढली. आक्काचा पदर बाहेर फडफडत होता, ट्रकवाल्यांना ती हात करत होती, आणि एका ट्रकवाल्यानं तिला हॉर्न वाजवून सलाम केला. वर गाडी कडेला लावली. खाली निपाणी, शेतांचे चौकोन, लांब हायवेवरून कोल्हापूरकडं जाणाऱ्या गाड्या. आक्का बोटानं दाखवत होती: ती वखार, तिथं मी कामाला होते. ते देऊळ. ती आमची गल्ली, दिसती काय? काहीही दिसत नव्हतं. मालक म्हणाले, "व्हय, दिसती की."

मी वळून बघितलं तर ते गल्लीकडं बघतच नव्हते, आक्काकडं बघत होते.

परत

दुसऱ्या दिवशी सकाळी मी भांडी घासत होते तेव्हा आक्का म्हणाली, "किल्ली दे गं. माझी पिशवी राहिलीया गाडीत." मी दिली. निघताना आक्कानं ठेंगीला हळदकुंकू लावलं, डिकीत तिच्या परड्यातला भोपळा घातला (मालकांनी माझ्याकडं विजयी मुद्रेनं बघितलं), तांदूळ घातले, शेंगा घातल्या. पाहुण्याला रिकामं पाठवायचं नाही, तिथं कुणाच्या अॅव्हरेजला विचारतोय कोण!

घाटात मालक नाक वर करून म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय. पाइप गळतीया वाटतं."

"तुमच्या मनातलं गळतंय," मी म्हटलं. पण मलाही येत होता, आणि माझा धीर सुटला. घाट दोनदा चढलेला, काच उघडी, डिकी भरलेली, त्यात गळती. हत्तरगीला थांबलेसुद्धा नाही. वजनं राहिली त्या पंक्चरवाल्याकडं.

पंपावर दोघंही उतरलो. पंपावरच्या बाईनं नोझल लावलं आणि आकडे पळायला लागले. मी डोळे मिटले. टक् करून नोझल थांबलं. इतक्या लवकर? "परत दाबा," मालक म्हणाले. परत टक्. गळ्यापर्यंत पेट्रोल दिसत होतं.

मालकांनी मोबाइलवर भागाकार केला. मग परत केला. मग मला करायला लावला.

पस्तीस.

"माझी स्कूटर बी एवढी देत न्हाई!" मालक म्हणाले.

मी काय सांगू तुम्हाला! पंपापासून वडगावपर्यंत मी त्यांना गाडी चालवण्यावर भाषण दिलं. ड्रायव्हिंग स्कूलच्या सरांनीही कधी दिलं नसेल असलं. घरात पाय ठेवला आणि आक्काला फोन लावला, मालकांना ऐकू जावं म्हणून स्पीकरवर.

"आक्का, जिंकलो गं! पस्तीस दिली ठेंगीनं!"

"देईल न्हाई तर काय," आक्का म्हणाली. "शेजारच्या बाबूकडनं डबाभर पेट्रोल आणून घातलं की सकाळी. पाव्हण्याच्या बैलाला वैरण घातल्याबिगर धाडलंय काय मी कधी?"

फोन बंद झाला. मी भांडणाला कंबर कसली. पण मालक खुर्चीत बसले, चष्मा काढला आणि न्यायाधीशाच्या थाटात म्हणाले, "चाचणी रद्द."

"रद्द," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार!

"परत घ्यायला लागणार."

"कधी?"

"येत्या शनवारी."

येत्या शनिवारी आम्ही परत गेलो. या वेळी स्टेपनी होती. मालकांनी निघण्याआधी फोन करून आक्काला बजावलं होतं, "आक्का, गाडीला काय बी घालायचं न्हाई. चाचणी हाय." आक्का म्हणाली होती, न्हाई घालत. परत आलो तर अॅव्हरेज एकतीस. चाचणी रद्द. त्याच्या पुढच्या शनिवारी तेहतीस. रद्द. आक्काचं काही चुकलं असं मला वाटलं नाही, पण तिच्या हातात पैसा कुठनं येतोय या पेट्रोलला, याची मला टोचणी लागली. म्हणून गेल्या खेपेला मी सकाळी लवकर उठले आणि तिला अडवायला बाहेर गेले.

ठेंगीच्या टाकीचं झाकण उघडं होतं. आक्का काठी टेकून उभी होती. बाबू नव्हता. डबा मालकांच्या हातात होता, आणि तो डबा मी ओळखला. निळा, मूठ वाकलेला. आमच्या मागांना तेल घालायचा. नव्यासारखा पुसून, पेट्रोल भरून, वडगावातून कुठंतरी माझ्या सीटखाली लपवून आणलेला.

"सांडू नगासा, पाव्हणं," आक्का म्हणत होती.

"हळू बोला, आक्का. ती उठंल."

मी पावलं न वाजवता आत गेले आणि परत झोपेचं सोंग घेतलं.

परतीला पंपावर मालकांनी भागाकार केला, मान हलवली आणि मोबाइल खिशात टाकला. "छे! ह्या वेळी बी चाचणी बरोबर झाली न्हाई बघ," म्हणाले. "परत जायाला पायजे."

"मग काय," मी म्हटलं. "जायालाच पायजे."